शेवंडींचं विमान

सोमवार, ११ मे १९९८

डॉक्टरनं सिगारेट बंद केली. छप्पन्न वर्षांची संगत त्या कालच्या पोरानं एका सहीत मोडून टाकली. येल्का म्हणाली, "बाबा, ओढावीशी वाटली की या वहीत दोन ओळी लिहा. हाताला चाळा राहील." येल्का माझी मुलगी. बेटावरच्या शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे भेटेल त्याला गृहपाठ देते. सकाळचे नऊ वाजलेत आणि मी तिसऱ्यांदा वही उघडली आहे. असंच चाललं तर महिन्याभरात वही संपेल आणि माझी फुप्फुसं होती तशीच राहतील.

आज जाळ्यात पाच शेवंडी लागल्या, पर्यटक लॉब्स्टर म्हणतात त्या. एक तर मांजराएवढी. कुठे लागल्या ते इथे लिहिणार नाही, कारण ही वही येल्का वाचणार आहे. त्या जागेसाठी या बंदरातले निम्मे लोक सख्ख्या आईला विकतील. उरलेल्या निम्म्यांना गिऱ्हाईक मिळालेलं नाही, एवढाच फरक.

बुधवार, १३ मे

वरची खोली येल्कानं पाहुणीला दिली. मला विचारलं नाही, सांगितलं. पाहुणी अमेरिकन, वय पंचाहत्तर, नाव व्हर्ना. अंगानं काडी आणि पेटी मात्र अशी की धक्क्यावरून वर आणताना माझी कंबर आणि मी दोघं वेगवेगळे घरी पोचलो. बाई सारखी हसते. दुसरा नवरा दातांचा डॉक्टर होता, दोन वर्षांपूर्वी वारला. दात अजून सगळे स्वतःचेच आहेत, हे तिनं मला दाखवून सिद्ध केलं.

रात्रीच्या जेवणात तिनं एक फोटो काढला. लष्करी टोपी, मोठे कान, डोळे उन्हानं बारीक केलेले. पहिला नवरा, हार्लन. संसार एकोणीस दिवसांचा. मग तो इटलीतल्या तळावर आला, आणि चव्वेचाळीसच्या डिसेंबरात त्याचं बॉम्बफेकी विमान आमच्या बेटाजवळ समुद्रात पडलं. विमानात दहा जण होते. तिघं वाचले, सात गेले.

येल्का भाषांतर करता करता म्हणाली, "बाबा, त्या तिघांना तुम्ही आणि आजोबांनीच ना बाहेर काढलं?"

बाई उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या टकलाचा मुका घेतला. मी म्हणालो, सार गार होतंय.

शनिवार, १६ मे

बाईबरोबर विमान शोधायला स्प्लिट शहरातून एक पाणबुड्याही आलाय. निक्शा नाव. दाढी, कानात बाळी, रबराचे कपडे. मला ‘बार्बा वित्स्को’ म्हणतो. म्हातारा म्हणण्याची आमच्याकडची सभ्य रीत ती. म्हणाला, "बार्बा, पन्नास वर्षं तुम्ही या पाण्यात जाळी टाकताय. कुठे लोखंडाला अडकलं नाही कधी?"

"अडकतं ना. एकदा चूल आली होती. एकदा नगराध्यक्षाची सायकल."

मग त्यानं माझीच होडी ठरवली. गेले दोन दिवस मी त्यांना बेटाच्या उत्तरेला हिंडवतोय. विमान पडलं दक्षिणेला, टोकाच्या पलीकडे. हे माझ्याइतकं कुणालाच पक्कं माहीत नाही. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात माझं जाळं तिथे अडकलं आणि वर आलं ते पंखाच्या पत्र्याचा तुकडा आणि सात शेवंडी घेऊन. तेव्हापासून ती जागा माझी. विमानासारखं घर शेवंडींना कोण बांधून देणार! लोकांना वाटतं विमान भर समुद्रात, खोलात गेलं. वाटू दे.

तिथे मी इंजिन बंद करतो आणि थोडा वेळ नुसता बसतो. शेवंडींना आवाज आवडत नाही. मृतात्म्यांच्या दिवशी तिथे जाळं टाकत नाही. त्या दिवशी मासळी लागत नाही, म्हणून.

बाई मात्र खूश आहे. नाकाला मलम फासून पुढे बसते आणि प्रत्येक खडकाला नाव विचारते. खडक संपले तेव्हा मी मनानं ठेवायला लागलो. एकाला माझ्या सासूचं नाव दिलं.

रविवार, १७ मे

आज दाढी केली. येल्का म्हणाली, "रविवार आहे म्हणून?" म्हटलं, खाजत होती. "मग गुरुवारीही खाजत होती," म्हणाली. या मुलीनं पोलिसात जायला हवं होतं.

प्रार्थनेनंतर व्हर्नाबाई माझ्याबरोबर अंगणात वाल सोलत बसली. मग पिशवीतून एक पत्र काढलं. घड्यांवर इतकं विरलेलं की मागं पारदर्शक कागद चिकटवलाय. सैन्यानं तिला पाठवलेलं. येल्कानं वाचून सांगितलं: तीन जणांना स्थानिक कोळ्यांनी वाचवलं. त्या कोळ्यांच्या सांगण्यानुसार उरलेले सातही विमानाबरोबर क्षणात बुडाले. यातना झाल्या नसाव्यात.

व्हर्नाबाई म्हणाली, "त्रेपन्न वर्षं मी या शेवटच्या वाक्यावर झोपत आले. आणि ते वाक्य तुमचं आहे हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं."

मी तीन वाल टरफलांच्या ढिगात टाकले आणि टरफलं भांड्यात. कुणाच्या लक्षात आलं नाही. येल्काच्या आलं असेल.

मंगळवार, १९ मे

दक्षिणेचा वारा. होड्या बांधून ठेवलेल्या. या वाऱ्यात डोकं जड होतं. डॉक्टरनं तपासायचं तर अशा दिवशी तपासावं.

व्हर्नाबाई शनिवारच्या बोटीनं जाणार. निक्शानं हात टेकले. तो म्हणतो, खोल पाण्यात असेल, त्याला मोठं जहाज लागेल. बाई म्हणाली, तिचं काही नाही, हार्लनला काही कळलंच नाही हे तिला ठाऊक आहे. वाईट वाटतं ते ऑर्फासाठी. ऑर्फा ही विमानातल्या बॉम्ब टाकणाऱ्या माणसाची बहीण. ओहायोत राहते, वय एक्याऐंशी. दर रविवारी व्हर्नाबाईला फोन करून एकच विचारते, "सापडला का गं?" जसा काही चष्मा हरवलाय.

म्हणजे मी जागा दाखवली तर ऑर्फाचा भाऊ सापडेल. माझ्या शेवंडी जातील, त्या जाऊ देत. गेल्या तर गेल्या, माझ्या गुडघ्यांनाही आता जाळं ओढवत नाही. पण निक्शा आत शिरला की मोजणार. आत सहा सापडतील. सातवा नाही सापडणार. मग व्हर्नाबाई मला विचारेल.

आज दिवसभरात वही अकरा वेळा उघडली. दहा वेळा काही लिहिलं नाही.

बुधवार, २० मे

लिहून टाकतो. लिहिलेलं फाडता येतं.

डिसेंबर होता. मी सतरा वर्षांचा. वडील आणि मी टोकापलीकडे जाळं ओढत होतो. विमान खालून आलं, एवढं खालून की वडिलांची टोपी उडाली. दोन इंजिनं बंद. पाण्यावर एकदा आपटून उसळलं, पुन्हा आपटलं आणि मधोमध मोडलं. वडिलांनी सुरी काढली आणि जाळं कापून टाकलं. त्या भुकेच्या वर्षात आमच्याकडे तेवढं एकच जाळं होतं. मी ओरडलो, "बाबा, जाळं!" त्यांनी माझ्या कानाखाली दिली आणि वल्ही हातात दिली.

तिघांना वर घेतलं. एकाचा पाय मोडलेला, दुसऱ्याचं डोकं फुटलेलं, तिसरा नुसता ओकत होता. होडीच्या काठाला पाणी लागलं. आणखी एक माणूस घेतला असता तर सगळेच गेलो असतो. चौथा मी धरलेला. मी पाण्यात, एक हात होडीच्या दोरीला, एका हातात त्याची कातडी कॉलर. वडील किनाऱ्याकडे वल्हवत होते, आम्ही दोघं मागं फरफटत होतो. तो जिवंत होता. बोलत होता. माझ्याकडे बघून, हळू, काहीतरी सांगत होता. मला इंग्रजीचा गंध नव्हता. मी आपला "हो, हो" म्हणत होतो.

मग माझी बोटं उघडली. मी सोडलं की सुटलं, हे मला आजही सांगता येत नाही.

किनाऱ्यावर वडील म्हणाले, "तिघं आणले, तेवढंच सांग." अधिकाऱ्यानं विचारलं तेव्हा मी तेवढंच सांगितलं, आणि वर माझं एक वाक्य जोडलं: बाकीचे लगेच गेले. वडिलांनी तो विषय मरेपर्यंत काढला नाही. कान होते मोठे त्या चौथ्याचे. फोटोत आहेत तसेच.

आता प्रश्न असा की पंचाहत्तर वर्षांच्या बाईच्या उशाखालचं वाक्य काढून घ्यायचं का? कुणाला विचारू? पाद्रीबाबा तीस वर्षांचे आहेत, त्यांना अजून मासा साफ करता येत नाही.

गुरुवार, २१ मे

सांगितलं.

स्वयंपाकघरात, दुपारी, सार्डिन तळताना. येल्का भाषांतर करत होती. दोरी, कॉलर इथपर्यंत आली आणि गप्प झाली. मी म्हणालो, "सांग तिला. आणि गाळू नकोस काही."

"बाबा, कशाला?"

"सांग."

तिनं सांगितलं. सार्डिन जळल्या. व्हर्नाबाईनं एवढंच विचारलं, "किती वेळ?" म्हटलं, दहा मिनिटं असतील. जास्तही असतील. ती उठली, खुर्ची नीट आत सरकवली आणि वर गेली. दार लागल्याचा आवाज आला नाही, इतकं हळू लावलं.

येल्का माझ्याशी बोलत नाही. भांडी मात्र माझ्याशी बोलल्यासारखी आपटते.

शुक्रवार, २२ मे

बाई दिवसभर खाली आली नाही. सकाळी येल्कानं वर ठेवलेला चहा दुपारी तसाच खाली आला. दुपारचं सार रात्री तसंच खाली आलं. निक्शाला कळलं असावं. मला "बार्बा" म्हणायचं विसरला.

उद्याची बोट सकाळी साडेसहाची. पेटी खाली कोण आणणार? मीच आणणार. दाढी केली नाही.

शनिवार, २३ मे

पाच वाजताच मी जिन्याखाली उभा. सहा वाजले. सव्वासहा. बोटीचा भोंगा झाला, बोट आली, बोट गेली. मग बाई खाली आली. केस नीट बसवलेले, डोळे सुजलेले. पेटी बरोबर नव्हती. टेबलाशी बसली, येल्काला हाक मारली आणि मला विचारलं, "काय बोलत होता तो?"

"मला समजलं नाही. मला इंग्रजी..."

"समजलं नसेल. ऐकलं तर होतं ना?"

ऐकलं होतं. त्रेपन्न वर्षं ते कानात आहे. होडीत एकटा असताना कधी कधी म्हणून बघतो, विसरू नये म्हणून. का विसरू नये, ते विचारू नका. पुढे पर्यटकांकडून चार इंग्रजी शब्द शिकलो तेव्हाही ते आवाज त्या शब्दांशी लावून बघायची हिंमत झाली नाही. आज मोठ्यानं म्हटले. जसे ऐकले तसे, त्याच्या चालीवर. "होनगोबेनी. शुरीटी. होनगो." असं काहीतरी, दोनदा, तीनदा.

बाई पुढे वाकली. "पुन्हा."

पुन्हा म्हटलं. येल्का म्हणाली, "घरी जा, बेनी, असं असेल का?" विमानात बेनी नावाचं कुणी नव्हतं. "पकडून ठेव, असं?" कदाचित. "मध आणि लोणी?" मी म्हणालो, भुकेला असेल बिचारा. बाईनं मला सात वेळा म्हणायला लावलं. सातव्यांदा डोळे मिटून ऐकलं आणि एकदम हसायला लागली. टेबलावर हात आपटून हसली.

"नाही कळत! मलाही नाही कळत! तो असाच बोलायचा, तोंडातल्या तोंडात. लग्नात पाद्र्यानं त्याला ‘हो’ दोनदा म्हणायला लावलं होतं. माझी आई म्हणायची, हा मुलगा जेवण मागतोय की निरोप घेतोय ते कळत नाही."

मग हसता हसता रडली, रडता रडता येल्काच्या रुमालात नाक शिंकरलं, आणि म्हणाली, "पण आवाज त्याचाच काढलात. अगदी तसाच." मग तीन अंडी खाल्ली. पावही माझ्या वाटणीचा.

मी दाढी करून आलो. येल्कानं माझ्यासाठी दुसरा पाव कापला.

सोमवार, २५ मे

आज टोकापलीकडे गेलो. नांगर टाकला आणि निक्शाला म्हटलं, "इथे. सरळ खाली. चाळीस मीटर."

त्यानं माझ्याकडे बघितलं, उत्तरेकडच्या किनाऱ्याकडे बघितलं, तिकडे घालवलेल्या दिवसांची बेरीज केली आणि म्हणाला, "बार्बा, तुम्ही फार वाईट माणूस आहात." बार्बा पुन्हा म्हणाला, म्हणजे ठीक.

खाली गेला. आम्ही बुडबुडे बघत बसलो. वर आला, मुखवटा काढला, होडीचा काठ धरला. मग सांगितलं: विमान उलटं पडलंय. एक पंख अख्खा आहे. शेपटीवरचा आकडा वाचता येतो. आणि पंखाखाली एवढ्या शेवंडी आहेत की त्याला रांगेत उभं राहावं लागलं. आत शिरला नाही. ते काम नीट, माणसं आणून, परवानगी घेऊन करायचं. इथे आता जाळं टाकायला बंदी येणार. म्हटलं, येऊ दे, माझ्याकडे गळ आहे.

मग व्हर्नाबाई येल्काला काहीतरी म्हणाली. येल्का माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना तुमचा रस्ता बघायचाय. इथून किनाऱ्याकडे, तुम्ही गेलात तसा. इंजिन नको म्हणतात. वल्ही."

एकाहत्तराव्या वर्षी! पण वल्ही घेतली. निक्शा मदतीला उठला तर बाईनं त्याला हातानं खाली बसवलं. तिनं मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर धरलं. मी वल्हवायला लागलो, वडील वल्हवायचे तसं, लांब लांब हात टाकून. चर्चचा मनोरा डोंगराच्या खांद्यावरून दिसायला लागतो तिथे मी वल्ही उचलली.

"इथे."

बाईनं घड्याळ बघितलं. "अकरा मिनिटं," म्हणाली. मग पाण्यात हात घातला, कोपरापर्यंत. बराच वेळ ठेवला. "डिसेंबरात कसं असतं हे?"

"बोटं जातात आधी."

तिनं ओला हात काढला आणि माझ्या उजव्या हाताची बोटं धरली, एकेक करून दाबून बघितली, डॉक्टर बघतो तशी. वाताची आहेत, जाडी, वाकडी. मग सोडली आणि म्हणाली, "आता इंजिन लावा. मला लघवीला लागलीय."

रविवार, ३१ मे

शेपटीच्या आकड्याला अमेरिकेतून दुजोरा आला. तेच विमान. त्यांची माणसं सप्टेंबरात येणार.

व्हर्नाबाई उद्या जाते. यावेळी खरंच. पेटी जास्त जड झालीय. त्यात येल्कानं अंजिराची वडी, लव्हेंडरचं तेल आणि माझ्या गेलेल्या बायकोनं विणलेलं टेबलावरचं कापड घातलंय. शेवटचं मला न विचारता. विचारलं असतं तर मीच दिलं असतं, पण विचारायला हवं होतं.

रविवार म्हणून ऑर्फाच्या फोनची वेळ. यावेळी व्हर्नाबाईनंच आमच्या दिवाणखान्यातून फोन लावला. मी बाहेर जायला निघालो तर म्हणाली, बसा. फोनमधून पातळ, चिरका आवाज येत होता. तो नेहमीचाच प्रश्न असणार, कारण व्हर्नाबाईनं डोळे मिटले आणि एकच शब्द म्हणाली. तो मला येतो. "येस."

पलीकडे आवाज थांबला. मग व्हर्नाबाई पुष्कळ काही बोलली, माझं नाव दोनदा आलं, आणि एकदम तिनं फोन माझ्या हातात दिला.

"मी काय करू? येल्का!"

येल्का म्हणाली, "त्यांना तुमच्याशी बोलायचंय बाबा. मी नाही मध्ये येत."

कानाला लावला. ओहायोतली म्हातारी बोलत होती. हळू, लहान मुलाला सांगावं तसं. मला एक अक्षर कळलं नाही. मी "येस, येस" म्हणत राहिलो. मग ती थांबली. आता माझी पाळी, हे कळलं. इंग्रजी आठवेना. मग आमच्याच भाषेत सांगितलं.

म्हटलं, बाई, चाळीस मीटरवर आहे तो. तळ वाळूचा, स्वच्छ. चिखल नाही. आमचा उत्तरेचा वादळी वारा, बुरा, सुटला तरी खाली हलत नाही काही. उन्हाळ्यात दुपारी ऊन पार तळापर्यंत जातं. मी दर आठवड्याला जात होतो. पावसाळी दिवस सोडून. इंजिन बंद करून बसायचो. एकटं नाही ठेवलं त्यांना.

ती शेवटपर्यंत ऐकत होती. मध्ये एकदाही "काय?" म्हणाली नाही. मी थांबलो तर पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.